आदळत उतरण्याचे दिवस

विमान वर न्यायला फार अक्कल लागत नाही. धावपट्टीवर पूर्ण जोर द्यायचा, वेग आला की नाक जरासं उचलायचं, बाकीचं ते आपलं आपण करतं. खरी परीक्षा खाली येताना असते. मी त्या परीक्षेत अख्खा हिवाळा रोज नापास होत होते, आणि तेही मोठ्ठा आवाज करून.

मी गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी विमानाच्या शिडीलाही हात लावला नव्हता. बाबा एसटीत ड्रायव्हर. सरकारी शिष्यवृत्तीवर माझी निवड झाली आणि शिकायला जागा मिळाली तीही आमच्याच जिल्ह्यात, गोंदियाजवळच्या धावपट्टीवर. देशभरातली पोरं तिथं रेल्वेनं आणि विमानानं आली. मी एसटीनं गेले, एक पेटी आणि एक गोणी घेऊन. कंडक्टर बाबांच्या ओळखीचा. त्यानं अख्ख्या गाडीला ओरडून सांगितलं की आपल्या ड्रायव्हरसाहेबाची पोरगी आता हवाई जहाज चालवणार. लोक माना वळवून बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, ‘‘आमच्या गावावरून जाशीन तं हात हालव हो माय.’’ मला लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग उतरणं शिकवायला सुरुवात झाली आणि माझं हसं व्हायला लागलं.

उतरताना अगदी शेवटी, जमीन एक-दोन पुरुष खाली राहिली की इंजिन मंद करायचं आणि नाक हळूहळू वर धरायचं. धरून ठेवायचं. वेग मरत जातो आणि विमान आपोआप मागच्या दोन चाकांवर बसतं. त्या वेळी नजर धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला हवी. नजर तिकडं असली की जमीन किती जवळ आली ते डोळ्यांच्या कडांना कळत जातं. सांगायला हे इतकं सोपं आहे. माझी नजर मात्र नेमकी त्याच क्षणी नाकासमोर खाली पडायची. मग जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटायची, मी दचकून हातातला नाक उचलायचा दांडा ओढायचे, विमान वर उसळायचं, त्यातला जीव जायचा आणि ते धप्पकन खाली यायचं. कधी एकदा. कधी चेंडूसारखं दोनदा, तीनदा. माझे दात एकमेकांवर आपटायचे आणि शेजारी बसलेले सर डोळे मिटून घ्यायचे.

सर हवाई दलातून निवृत्त झालेले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज कधी न चढवणारे. मला त्याचाच राग यायचा. ओरडले असते तर मीही मनातल्या मनात चार शिव्या दिल्या असत्या. ते फक्त म्हणायचे, ‘‘बेटा, जहाज़ बैठाना है, पटकना नहीं है.’’ आणि पुन्हा चक्कर मारायला सांगायचे.

जोरात आदळलं की विमान लगेच पुन्हा उडवता येत नाही. ते हँगरमध्ये नेतात, चाकांचे दांडे, टायर, नाकाखालचा भाग, सगळं उघडून तपासतात. तोवर त्या विमानावर ज्याची पाळी असेल तो हात चोळत बसतो. माझ्यामुळं कितीजण असे बसले असतील! पोरांनी माझं नाव रोड रोलर ठेवलं. माझी रूममेट पुण्याकडची होती, बोलायला गोड. ती म्हणायची, ‘‘अगं, होतं असं, मनावर नको घेऊस.’’ तिचं विमान लोण्यासारखं उतरायचं. तिच्या तोंडून ते ऐकलं की मला उशी फेकून मारावीशी वाटायची. एकदा मारलीसुद्धा.

आता बाबांचं सांगते, कारण हे सगळं त्यांचंच आहे.

बाबांनी आयुष्यभर लाल गाडी चालवली. नागझिऱ्याकडच्या जंगलातल्या रस्त्यावरून, भर पावसात, आठवडी बाजाराची गर्दी टपावर घेऊन. त्यांचा सगळा रुबाब त्या स्टिअरिंगमध्ये होता. मग एका वर्षी आगारातल्या डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. खरं तर त्यांना बाजूचं दिसणं आधीपासूनच कमी झालं होतं, पण हातातली गाडी जाईल म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मायलाही नाही. त्यांना गाडीवरून काढून आगारात बसायचं काम दिलं. टायर मोजायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहायच्या. काही महिने त्यांनी ते केलं आणि मग घरी येऊन बसले. म्हणाले, ‘‘दुसऱ्यानं चालवलेल्या गाड्या मोजाले मी नाई जात.’’

नागपूरच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी जपा, थेंब सोडू नका. बाबांना समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. आम्ही विचारलं की कसं दिसतं, तर म्हणायचे, ‘‘नळीतून पाहून राहिलो असं वाटते. मंधात तू दिसतेस, बाजूले सारा अंधार.’’ ती नळी दर महिन्याला अरुंद होत चालली होती.

तशात माझी निवड झाली. मी शिकायला गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा कुंपणाशी येऊन उभे राहिले.

धावपट्टीच्या एका बाजूला तारेचं कुंपण आहे आणि त्यापलीकडं गावाची पायवाट. विमानं बघायला तिथं आसपासची माणसं उभी राहतात, बायका शेतावर जाताना दोन मिनिटं थांबतात, पोरं सायकली टाकून बसतात. बाबा पहाटेच्या एसटीनं फाट्यावर उतरायचे. कंडक्टर सगळे ओळखीचे, ते त्यांना हात धरून उतरवायचे. तिथून पायवाटेनं कुंपणापर्यंत यायचे आणि एका मोहाच्या झाडाला टेकून सकाळभर उभे राहायचे. पहारेकऱ्यानं पहिल्या दिवशी हटकलं. बाबांनी सांगितलं की माझी पोरगी आत आहे. पहारेकरी म्हणाला, ‘‘सबकी कोई ना कोई अंदर है, चाचा.’’ पण मग त्यानं त्यांना बसायला एक दगड दाखवला, आणि नंतर दोघं एकत्र सुपारी-तंबाखूचा खर्रा खायला लागले.

सगळी विमानं सारखीच पांढरी. वर त्यातलं कुठलं माझं ते भल्याभल्या डोळ्यांनाही कळायचं नाही, बाबांना कुठून कळणार? पण त्यांनी आपली युक्ती काढली. संध्याकाळी मला त्यांचा फोन यायचा.

‘‘आज दुसऱ्यांदा जो धप्प आवाज आला, तो तूच होतीस ना?’’

‘‘बाबा!’’

‘‘सांग ना. तूच ना?’’

‘‘हो, मीच. बस्स?’’

ते खूष होऊन मायला सांगायचे, ‘‘मी म्हटलो नोहतो? हिचा धप्पा वेगळाच आहे.’’ मग मायचा आवाज मागून यायचा, ‘‘तिले काऊन चिडवून राहिले तुमी?’’ आणि बाबा म्हणायचे, ‘‘अवो, आमच्या तळ्यावरचा सारसपक्षी हिच्यापेक्षा बरा उतरते.’’

मी फोन आपटायचे. चिडायचे, कारण ते बरोबर असायचे. जिथं धप्प व्हायचं तिथं मीच असायचे. पण खरं सांगते, त्यांनी आवाज ओळखला की मला मनातून बरंही वाटायचं. सगळ्या जगात एकच माणूस माझ्या आदळण्याची वाट बघत होता. बाकी सगळे कान झाकून घेत होते.

डिसेंबरात मी दोन दिवस घरी गेले, तेव्हा बाबांनी मनातलं बोलून दाखवलं. आम्ही अंगणात शेकोटीला बसलो होतो. माय बुद्धविहारात गेली होती. बाबा म्हणाले, ‘‘पोरी, एकडाव तुले एकटीले वरतं पाहू दे. मास्तर खाली आणि तू वरतं. मंग ही नजर गेली तं गेली, मले काही म्हणणं नाई.’’

मी म्हटलं, ‘‘एवढ्या वर कोण एकटं, कोण दुकटं, तुम्हाला कसं दिसणार?’’

‘‘पहारेकऱ्यानं सांगलं मले. पयल्यांदा एकटं सोडतात तवा मास्तर जहाजातून उतरतो आन् तिथंच उभा राहतो. तो उभा राहिलेला दिसला का समजाचं, पोरगी एकटी गेली. तेवढं तं दिसन ना मले? सरळ पाह्यलो तं दिसन.’’

मला एकटीनं उडायला मिळायचं तर आधी नीट उतरता यायला हवं होतं. आणि मी आदळत होते. नजर जात होती त्यांची, आणि उशीर होत होता माझ्यामुळं. त्या रात्री मी रडले. रडून काय होतं? काही होत नाही. पण रडले.

जानेवारीत धुक्यामुळं सकाळी उशिरापर्यंत उडता यायचं नाही. धुकं उठलं की चारच चकरा, आणि त्या चारही आदळलेल्या. माझ्या मागून आलेली दोन पोरं एकटी उडाली. आमच्याकडं रीत आहे, पहिल्यांदा एकटं उडून खाली आलं की सगळे मिळून त्याच्यावर बादल्या ओततात. जानेवारीच्या थंडीत ती पोरं कुडकुडत हसत उभी होती आणि बादली ओतणाऱ्यांत मीही होते. मी जरा जास्तच जोरात ओतली.

एक दिवस सरांनी विचारलं, ‘‘वो पेड़ के नीचे रोज़ कौन खड़ा रहता है?’’

मी सांगितलं, माझे वडील. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळंच बोलून गेले. डोळे, डॉक्टर, नळी, शेकोटीजवळचं बोलणं, सगळं. शेवटी म्हटलं, ‘‘सर, मला लवकर सोडा एकटीला. त्यांचे डोळे थांबणार नाहीत.’’

सरांनी त्या झाडाकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, ‘‘बेटा, जल्दी में किसी को अकेला नहीं भेजूँगा. उन्हें तुम्हारी उड़ान देखनी है. और कुछ नहीं दिखाना है उनको.’’

त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. बरोबर असलेल्या माणसाचा राग येणं फार वाईट. त्याला उत्तरच नसतं.

पण दुसऱ्या दिवशी सर मला विमानाकडं नेण्याऐवजी फाटकाबाहेर घेऊन गेले. शेजारी उन्हाळी धानाची खाचरं होती, आम्ही त्यांना बांध्या म्हणतो, पाणी भरलेलं, नुकतीच रोवणी झालेली. सरांनी दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्याकडं बोट दाखवलं, ‘‘इस पर चलो. जैसे घर पे चलती हो.’’

मला वाटलं म्हातारबुवांचं डोकं फिरलं. पण चालले. लहानपणापासून चालतेय, धुऱ्यावर चालायला काय शिकायचं? दुसऱ्या टोकाला पोचले तर सर हसत होते. म्हणाले की पूर्ण वाटेत तुझी मान एकदाही वर झाली नाही.

कशी होईल? आमच्याकडं पोर चालायला लागलं की पहिलं वाक्य हेच ऐकतं, पायाकडं पाहून चाल. धुऱ्यावर साप असतो, बिळं असतात, चिखलात घसरून पडलं तर रोवलेलं धान मोडतं आणि मग शेतमालकाच्या शिव्या. माझी आजी, माय, मी, आम्ही दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जायचो. मान वर करून चालणारी बाई आमच्यात कुणी पाहिलीच नव्हती. जमीन जवळ आली की नजर पायाकडं जाणार, हे माझ्या हाडात बसलेलं होतं. विमानात बसले म्हणून हाडं थोडीच बदलणार?

‘‘अब वो दूर वाला पेड़ देखो,’’ सर म्हणाले, ‘‘और चलो. पैर अपने आप देख लेंगे.’’

‘‘आणि साप चावला तर, सर?’’

‘‘तो मैं अस्पताल ले जाऊँगा. चलो.’’

मी पलीकडच्या झाडावर नजर लावून निघाले आणि चौथ्या-पाचव्या पावलाला सरळ बांधीत. गुडघ्यापर्यंत चिखल. पलीकडच्या बांधीतल्या रोवणीच्या बायका कमरेवर हात ठेवून हसल्या. एक ओरडली, ‘‘अवो साहेब, पोरीले काऊन पाडून राहिले?’’ सर तेवढेच शांत. परत चल म्हणाले. पांढऱ्या शर्टावर चिखल घेऊन मी त्या धुऱ्यावरून तासभर येरझारा घातल्या. नंतर रोज सकाळी उडण्याआधी माझा हाच कार्यक्रम. हॉस्टेलच्या पोरांना हसायला नवा विषय मिळाला.

फेब्रुवारीत पुन्हा घरी गेले. बाबांना घेऊन शेताकडं निघाले, त्यांना फिरायची हौस. धुऱ्यावर पाय ठेवला आणि ते थांबले. त्यांनी माझा दंड धरला. मान ताठ, डोळे समोर दूर कुठंतरी. पावलं मात्र चाचपडत पुढं सरकत होती. त्यांना पायाखालचं काहीच दिसत नव्हतं, वाकूनही दिसत नव्हतं. मला सर जसं चालायला शिकवत होते, अगदी तसेच बाबा चालत होते. मी त्यांच्यासाठी खाली बघत चालले, आणि लहानपणी मला पायाकडं बघून चालायला शिकवणाऱ्या माणसाला सांगत राहिले, बाबा, इथं खड्डा आहे, बाबा, इथं ओलं आहे.

‘‘मले दिसून राहिला खड्डा,’’ ते म्हणाले. दिसत नव्हता. पाय त्यातच पडला.

‘‘येऊ नका ना रोज कुंपणाशी,’’ मी म्हटलं. ‘‘पडाल कुठं तरी.’’

‘‘कायले पडीन? रस्ता पाठ आहे माह्या.’’ मग जरा वेळानं, ‘‘अजून थोडं दिसते, पोरी. तू घाई करू नोको. पण लवकर कर.’’

घाई करू नको, पण लवकर कर. हसू की रडू?

होळीच्या सुमाराला माझं उतरणं सुधारायला लागलं. एकदम नाही. दहातलं एक बरं, मग दहातली तीन बरी. दूर टोकाकडं नजर ठेवली की बाजूची जमीन कशी हळूच वर येते ते मला पहिल्यांदा दिसलं, आणि मी कॉकपिटमध्ये ओरडलेच, ‘‘दिसलं सर!’’ संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘हो, पाह्यलो ना मी. आज कमी आदळली.’’ मी खूष झाले. त्यांना अजून दिसतंय, आपल्याला अजून वेळ आहे, असं मला वाटलं.

एप्रिलच्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षकांनी माझी चाचणी घेतली आणि एकटीनं उडायच्या परवानगीवर सही केली. सर म्हणाले, वारा शांत असला तर उद्या सकाळी. मी घरी फोन केला. माय म्हणाली, ‘‘मी तं येऊ नाई शकत गं, जयंतीची तयारी सुरू आहे विहारात, सारं माह्याच गळ्यात आहे.’’ बाबांनी फोन ओढून घेतला. ‘‘मी येतो ना! मी येतो, तू झोप आता.’’

सकाळी वारा नव्हता. सरांबरोबर तीन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेनंतर त्यांनी मला विमान बाजूला घ्यायला लावलं, आपला पट्टा सोडला, दार उघडलं. इंजिन चालूच होतं, पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडत होते. ‘‘एक चक्कर, बेटा. दूर देखना.’’ त्यांनी दार लावलं आणि मागं सरून उभे राहिले. बरोबर उघड्यावर, कुंपणाकडून दिसेल असे. त्यांनी ते मुद्दाम केलं, हे मला समजलं. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा मी आवळून बांधला.

एक माणूस कमी झाला की विमान इतकं हलकं होतं की झटकन वर जातं. खाली धानाच्या हिरव्या बांध्या, तळी, नागरा गावाकडचा रस्ता, मोहाची झाडं. त्यातल्या एका झाडाखाली बाबा. मी मोठ्यानं बोलत होते, काय ते आठवत नाही. वळले, पुन्हा वळले, धावपट्टी समोर आली. इंजिन मंद केलं. नजर पार टोकाला लावली आणि तिथंच ठेवली. जमीन दोन्ही बाजूंनी वर आली, मी नाक धरून ठेवलं, धरून ठेवलं, अजून का टेकत नाही म्हणून वाट बघत राहिले, आणि विमानाचा वेग कमी होताना माझ्या लक्षात आलं की चाकं कधीचीच जमिनीवर फिरताहेत. टेकल्याचं मलाच कळलं नव्हतं.

रेडिओवर कुणीतरी शाबास म्हणालं. मी खाली उतरले तर पोरं बादल्या घेऊन तयारच. रूममेटनं सगळ्यात मोठी ओतली, उशीचा हिशेब चुकता केला. मी नखशिखान्त भिजले. हसत होते, नाक वाहत होतं, आणि मी सरांना म्हटलं, ‘‘बाबा!’’ त्यांनी मला जीपमध्ये बसवलं आणि कुंपणाच्या आतल्या रस्त्यानं गाडी घेतली.

बाबा तारेला दोन्ही हातांनी धरून उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन. चेहरा आभाळाकडं. जीप थांबली तशी त्यांची मान आवाजाच्या दिशेनं जराशी वळली. मी चार हातांवर उभी होते, अंगातून पाणी गळत होतं. ते माझ्याकडं तोंड करून म्हणाले,

‘‘साहेब, थोडा वेळ उभं राहू द्या जी. माही पोरगी वरतं आहे. एकटी आहे. मास्तर उतरले म्हून पहारेकऱ्यानं सांगलं मले. ते अजून आली नाई खाली.’’

सर जीपमधून उतरता उतरता थबकले.

तेवढ्यात मागं धावपट्टीवर दुसरं विमान आलं. कुणीतरी नवीन पोरगं होतं. उसळलं आणि धप्पकन आदळलं, चाकं किंचाळली. बाबांचा चेहरा एकदम उजळला. तार सोडून त्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘आली! आली माही पोरगी! ऐकले का साहेब? तेच ते!’’

मला सहन झालं नाही. मी ओरडलेच, ‘‘बाबा, ती मी नाही! मी कधीचीच उतरले! मी इथं उभी आहे तुमच्यासमोर!’’

टाळ्या थांबल्या. त्यांनी हात पुढं केला, तो तारेला लागला. मी तारेतून बोटं घातली, त्यांनी ती पकडली.

‘‘उतरली? कवा? मी तं काही ऐकलो नाई.’’

‘‘आवाजच झाला नाही, बाबा. आज आवाजच झाला नाही.’’

त्यांची बोटं माझी ओली बोटं चाचपत राहिली. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘म्हंजे चांगली उतरली.’’

‘‘हो.’’

‘‘होळीपासून काहीच दिसत नाई मले, पोरी. तुह्या मायले म्हटलो होतो, सांगू नोको म्हून. तू आदळत होती, तोवर ठीक होतं. मले समजाचं, तू सुखरूप खाली आली.’’

मी तारेला कपाळ लावून रडत होते. सर पाठ करून उभे होते. बाबांनी दुसऱ्या हातानं तारेतूनच माझा गाल शोधला, पुसला, आणि त्यांच्या त्या चिडवायच्या आवाजात म्हणाले,

‘‘उद्यापासून जराशी आदळत जा, बाई. नाई तं मले कसं समजन, तू खाली आली म्हून?’’